खडी घासायची नसते

आमच्या कॉलनीत घाण कुणाच्याच घरात नसते. ती नेहमी शेजारच्यांकडून येते, नाहीतर गल्लीतून, आणि अगदीच काही सापडलं नाही तर महानगरपालिकेकडून. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण ह्याच समजुतीपायी घडलं आणि निस्तरताना पुन्हा तीच आडवी आली.

कॉलनी पाथर्डी फाट्याच्या बाजूला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिथे राहायला आलो, तेव्हा शेवटच्या रांगेमागे द्राक्षाची बाग होती आणि बागेच्या अलीकडे दगडाची जुनी खाण. खाण कधीच बंद पडलेली. पावसाचं आणि झऱ्याचं पाणी साठून तिचं तळं झालं होतं. एका बाजूला दगड काढताना पडलेल्या रुंद पायऱ्या होत्या, त्या थेट पाण्यात उतरायच्या. पाहुणे आले की आम्ही म्हणायचो, "चला, आमचं तळं दाखवतो." डासांचा विषय निघाला की त्याच तळ्याचं डबकं व्हायचं.

आमच्या ह्यांना मात्र ते कायम तळंच होतं. हे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून डावा पाय अधू. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, कॅलिपर म्हणतात तो. चालताना त्याचा खट्‌ खट्‌ आवाज येतो. दुधाच्या रांगेत हे येताहेत हे लोकांना मान न वळवताच कळायचं, आणि कळलं की लोक हटकून बाजूला व्हायचे. "या या, तुम्ही पुढे व्हा." ह्यांना त्याचा एवढा संताप यायचा की कधीकधी दूध न घेताच परत यायचे. मग मी जायची, दूध घेऊन यायची आणि दोन शब्द सुनवायची. दूध काय रागावर मिळतं का?

पण ह्यांचं बालपण निफाडकडच्या खेड्यात गेलेलं, आणि तिथे सासऱ्यांनी एक फार शहाणपणाचं काम करून ठेवलं होतं. बाकीच्या पोरांसारखाच ह्यांच्याही पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. चार दिवस आरडाओरडा झाला असेल, पुढे जे पोहायला लागले ते लागलेच. पाण्यात ह्यांचा पाय कुणाला दिसत नाही आणि ह्यांनाही तो आठवत नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा ह्यांना खाणीत पोहताना पाहिलं तेव्हा खरं सांगते, मला ओळखूच आले नाहीत. हा सरळ रेषेत सरसर जाणारा माणूस आपला नवरा आहे, ह्यावर विश्वास बसायला मला वेळ लागला.

हे रोज पहाटे जायचे, कॉलनी उठायच्या आत. पायरीवर बसायचे, बूट काढायचे, पाण्याकाठच्या पाणकणसांच्या, म्हणजे पुरुषभर वाढणाऱ्या पाणगवताच्या, दाट बेटात तो सरकवून ठेवायचे आणि पाण्यात उतरायचे. परत येताना बूट घालूनच. कुणी पाहू नये एवढीच धडपड. मी एकदा विचारलं, "अहो, एवढं काय लपवायचं? सगळ्यांना माहीत आहे." तर म्हणाले, "माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं."  

कॉलनी वाढली तसं तळं बिघडलं. गटारयोजना आमच्यापर्यंत यायला अजून काही निवडणुका जायच्या होत्या. तोवर सगळ्यांच्या न्हाणीघरांचं आणि मोऱ्यांचं पाणी उतारावरून सुखेनैव खाणीत जाई. वर निर्माल्य, वर गणपती. पाणी आधी हिरवं झालं, मग शेवाळलं, मग त्याला वास यायला लागला. ह्यांच्या अंगावर पुरळ उठलं तरी हे जायचेच. शेवटी एका पावसाळ्यात सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी विषय काढला, की हे डबकं भराव घालून बुजवावं आणि त्यावर सभागृह बांधावं. मुंजी, डोहाळजेवणं, वाढदिवस, सगळ्यांची सोय.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बोलायला उभे राहिले की समोरचे लोक आपोआप हाताची घडी घालायचे. सभागृह म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पंगती दिसायला लागल्या. एरवी सभेत कधी तोंड न उघडणारे आमचे हे उठले आणि म्हणाले, "पाणी साफ करता येईल. मला वर्षभर द्या."

"कसं करणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"झाडं लावून."

सभा हसली. त्यात माझाही आवाज असावा अशी मला शंका आहे.

ह्यांच्या कारखान्यात कॅन्टीनच्या मागे तसला प्रकार होता. भांडी धुतलेलं पाणी खडी भरलेल्या एका लांब, उथळ हौदातून सोडायचे. खडीत कर्दळ आणि पाणकणीस लावलेलं. पाणी एका टोकाने खडीच्या पोटात शिरायचं आणि आतल्या आत झिरपत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं ते बऱ्यापैकी नितळ. हे जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचे. मला वाटायचं सावलीसाठी बसतात.

अध्यक्ष मुळात मास्तर, त्यामुळे परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना चैन पडणार कसं? त्यांनी परीक्षा ठरवली. पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला पायरीवरून एक पांढरी बशी सुतळीने पाण्यात सोडायची. पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीपर्यंत ती दिसत राहिली तर तळं राहील. त्याआधी दिसेनाशी झाली तर भराव. सगळ्यांनी माना डोलावल्या. बशी मात्र कुणाच्या घरची, हा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या रुखवतातल्या पांढऱ्याशुभ्र सहा बश्यांपैकी एक गेली त्या कामाला.

हौद खणायला सुरगाण्याकडची दोन माणसं मिळाली. त्यांतल्या एकाने विचारलं, "पाणी धुवाया बाग लावताय व्हय?" ह्यांनी हो म्हटलं. तो बराच वेळ कुदळ हातात धरून ह्यांच्याकडे बघत राहिला आणि मग मजुरीशी मतलब ठेवून कामाला लागला. खडी खाणीच्या कडेलाच पडलेली होती. मोऱ्यांचं पाणी आधी एका टाकीत थांबायचं, गाळ खाली बसला की ते खडीच्या हौदात जायचं, आणि तिथून खाणीत. शिवाय एक लहान मोटार खाणीचंच पाणी उचलून खडीतून फिरवायची आणि परत सोडायची. जुनं बेट तसंच ठेवून हौदातही पाणकणीस लावलं, काठाने कर्दळ आणि थोडा वाळा.

पहिले काही महिने काही म्हणता काही झालं नाही. पाणकणीस पिवळं पडलं. कॉलनीतले लोक फिरायला येऊन हौदाशी थांबायचे, आजारी माणसाला बघून जातात तसे. माझी सख्खी शेजारीण रोज एकदा तरी कुंपणावरून विचारायची, "काय म्हणतंय तुमचं खडीलोणचं?" ही बाई सटाण्याकडची. आमच्याशी आमच्यासारखं बोलते, पण जीव घाबरला किंवा आनंद झाला की थेट अहिराणीत शिरते. तोंडाची फटकळ आणि मनाची एवढी चांगली, की तिच्यावर रागावलं तरी राग संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

मग पावसाळा लागला आणि पाणकणीस तरारून उठलं. हौदातली खडी हिरवट, बुळबुळीत झाली. ह्यांनी एक खडा उचलून मला दाखवला, एखाद्या नव्या बाळाला बोट लावावं तसं त्यावरून बोट फिरवलं. "हा थर बघितलास? घाण हाच खातो. खडी नुसती ह्याला बसायला. ह्याच्यात बारीक जीव आहेत."

"शी! हात धुवा आधी," मी म्हटलं.

पण पाणी बदललं हे खरं. आधी वास गेला. मग बेडूक आले, मग एक खंड्या आला. हे महिन्याला बशी सोडून बघायचे आणि दर वेळी हसत घरी यायचे. अंगावरचं पुरळ गेलं. नवरात्राच्या सुमारास तर बशी तिसऱ्या पायरीच्याही खाली दिसली. कर्दळी एवढ्या फुलल्या, की बायका देवासाठी फुलं न्यायला यायला लागल्या. अध्यक्ष तर पाहुण्यांना घेऊन यायला लागले आणि म्हणायला लागले, "हा आमच्या सोसायटीचा प्रकल्प." आमच्या! 

कोजागिरी झाली आणि मला मालेगावला जावं लागलं, धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. ह्यांची कारखान्यात पहिली पाळी चालू होती. आता पुढचं शेजारणीच्या तोंडून जसं ऐकलं तसं सांगते.

दिवाळीची साफसफाई म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. माळ्यावरची भांडी खाली येतात, पंखे पुसले जातात, बरण्या उन्हात जातात. घरं झाली, जिने झाले, गच्च्या झाल्या. मग महिला मंडळाचं लक्ष हौदाकडे गेलं. पाडव्याला नगरसेवक येणार होते. ह्यांची परीक्षा सगळ्या कॉलनीसमोर होणार होती. आणि हौदात बघावं तर काय, खडी न खडी शेवाळलेली! शेजारीण म्हणाली, "वहिनी गावाला गेल्या, भाऊजी एकटे, पायाने अधू. त्यांना कसं जमणार हे घासायला? आपण करून टाकू."

करून टाकलं! ह्यांची पाळी सुटायच्या आत सगळ्या जणी पदर खोचून उतरल्या. खडी टोपल्या-टोपल्यांनी बाहेर काढली. धुण्याचा सोडा, काथ्या आणि वर ब्लीचिंग पावडर. एकेक खडा घासून, खळखळून उन्हात वाळवला आणि पुन्हा नीट भरला. पाणकणीस म्हणजे शेवटी गवतच, म्हणून ते मुळासकट उपटलं. हौदातलंही आणि पायऱ्यांजवळचं जुनं बेटही. कर्दळी तेवढ्या ठेवल्या, फुलं येतात म्हणून. हौदाच्या कठड्याला चुना, चुन्यावर गेरूची वेलबुट्टी. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी समोर रांगोळी काढली.

हे कारखान्यातून परतले तेव्हा सगळ्या जणी ओळीत उभ्या होत्या. हात सोड्याने सोललेले. शेजारीण म्हणाली, "बघा भाऊजी, आरशासारखी केली की नाही?"

ह्यांनी वाकून एक कोरडा, पांढरा खडा उचलला आणि परत जागेवर ठेवला म्हणे. मग म्हणाले, "छान केलंत. फार कष्ट घेतलेत." आणि घरी निघून गेले. बायकांना वाटलं, गहिवरले.

मी परत आले तेव्हा हे अंगणात खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, तळं कसं आहे? हे म्हणाले, "मेलं." एवढंच. मग हळूहळू सगळं सांगितलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तशीच शेजारच्या दाराकडे निघाले होते, ह्यांनी माझा हात धरला. "एक शब्द बोलायचा नाही. त्यांच्या हाताची सालं निघालीत. माझ्यासाठी केलंय त्यांनी."

"अहो, पण सांगायला काय हरकत आहे?"

"काय सांगू? तुम्ही घाण ठेवली नाहीत म्हणून माझं वाटोळं झालं?"

 मी चकल्या तळायला बसले आणि निम्म्या करपवल्या.

एरवी कदाचित पाणी तग धरतं. पण दिवाळीच होती ना! घराघरांतून सोड्याचं, साबणाचं, चादरी-पडद्यांचं, फराळाच्या तेलकट भांड्यांचं पाणी लोंढ्याने आलं आणि त्या चकचकीत खडीतून जसंच्या तसं खाणीत उतरलं. पाडव्यापर्यंत तळ्यावर फेस होता आणि खाली हिरवट दुधी पाणी. हौद मात्र असा स्वच्छ, की त्यात श्रीखंडाचा चक्का टांगून ठेवावा.

पाडव्याला सगळी कॉलनी नव्या कपड्यांत पायऱ्यांवर जमली. नगरसेवक आले, नारळ फुटला, हौदाचं कौतुक झालं. "किती ही स्वच्छता!" नगरसेवक म्हणाले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांनी सुतळी बांधलेली माझी बशी हातात घेतली आणि पाण्यात सोडली. पहिल्या पायरीलाच ती दिसेनाशी झाली. अध्यक्षांनी सुतळी वर घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष खरंच दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "प्रयत्न प्रामाणिक होता. पण निकाल निकाल आहे." आणि बोलताना हात हलवायची त्यांची सवय! सुतळी सुटली आणि बशी पायऱ्यांवरून घसरत गेली खोल पाण्यात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, माझी बशी!"

मी हे अध्यक्षांना म्हटलं, का ह्यांना, मला आजही सांगता येत नाही. पण हे उठले. पायरीवर जाऊन बसले. नवा झब्बा काढून बाजूला ठेवला. मग वाकून बुटाचे पट्टे सोडायला लागले. एकेक पट्टा सोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, कारण दुसरा कसलाच आवाज नव्हता. बूट सरकवायला ह्यांचा हात सवयीने बेटाकडे गेला, आणि बेट तर उपटलेलं. मग बूट तिथेच पायरीवर, सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि हे पाण्यात शिरले.

बुडी मारली ती मारली.  शेजारीण माझा दंड धरून पुटपुटत होती, "माय वं, माय वं." मग पार मध्यावर हे वर आले, बशी हातात घेऊन. आणि तिथून परत आले ते सावकाश, एका हाताने पाणी कापत. ज्यांनी ह्यांना फक्त दुधाच्या रांगेत पाहिलं होतं ते लोक तोंड उघडं टाकून बघत होते. मला त्या क्षणी एवढा अभिमान वाटला, की रडू आलं. मग हे पायरीवर चढले आणि भिजलेला पायजमा पायाला चिकटला. मनगटाएवढा तो पाय सगळ्यांनी पाहिला. ह्यांनी बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फुटली नाही."

अध्यक्ष खाकरले. भराव घालण्याच्या ठरावाला कुणाचा पाठिंबा, असं त्यांनी विचारलं. एकाही माणसाने हात वर केला नाही. मग ते म्हणाले, "विषय गुढीपाडव्यापर्यंत तहकूब," आणि सगळे भराभर फराळाला पांगले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "वाचलं हो तळं!" तर हे माझ्यावर असे उसळले, की मी मागे सरकले. "कशाने वाचलं? पाण्याने? माझा पाय बघून वाचलं! दुधाच्या रांगेत पुढे सोडतात तसं सोडलं मला." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "एवढी एकच जागा होती गं, जिथे मला कुणी बघत नव्हतं."

त्यानंतर हे खाणीवर पोहायला गेले नाहीत. पाणी खराब म्हणून जात नाहीत, असं कॉलनीला वाटलं. पहाटे उठायचे, टॉवेल खांद्यावर घ्यायचे आणि अंगणात बसून राहायचे. मला ते बघवेना. हे कारखान्यात गेले, तशी मी शब्द मोडला आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही घासलीत ना खडी, त्यानेच मेलं ते पाणी. त्या बुळबुळीतच सगळा जीव होता."

तिची पोळी तव्यावरच राहिली. "घान मा जीव?" मग डोळ्यांत पाणी. "भाऊजी तर छान म्हणाले होते!"

"ते म्हणणारच. तुमचे हात बघून म्हणाले."

ती मटकन पाटावर बसली. पोळी करपली. जरा वेळाने नाक पुसून म्हणाली, "आते काय करानं?"

करायचं एवढंच होतं, की थोडी बुळबुळ आणून खडीत सोडायची. विरजणासारखी. नवं पाणकणीस लावायचं आणि हात न लावता वाट बघायची. ह्यांना विचारून घेतलं, आडून आडून. पण बुळबुळ आणायची कुठून? शेजारणीने महिला मंडळ बोलावलं, सगळं सांगितलं आणि विचारलं, "कुणाच्या मोरीत शेवाळं आहे?"

माझ्या जन्मात मी बायकांची अशी चिडीचूप सभा पाहिली नाही. शेवाळं? आमच्याकडे? नुकतीच दिवाळी झालीये! एकीने शेजारच्या गल्लीचं नाव सुचवलं. एकीने महानगरपालिकेला अर्ज करू म्हटलं. अध्यक्षांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आमच्याकडे तर माशी बसली तर घसरेल." सभा हळहळत उठली.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, निजानीज झाल्यावर, एकेक बाई हौदाकडे यायला लागली. पदराआड बादली, बादलीवर फडकं. मी आणि शेजारीण हौदाशीच होतो. "आमच्याकडचं नाही हं हे, नळीच्या बाहेर होतं." "भाडेकरूंच्या बाजूचं आहे." "कुठून आलं देव जाणे!" प्रत्येकीने आपापलं फडकं काढलं आणि काळाहिरवा, बुळबुळीत ऐवज खडीवर ओतला. सगळ्यात मोठी बादली अध्यक्षांच्या सौभाग्यवतींची होती, दोन्ही हातांनी उचलून आणलेली. त्यांनी ती ओतली, पदर सारखा केला आणि आम्हाला म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगू नका." शेजारीण हसता हसता कठड्यावरून पडायची राहिली.

हे सुट्टीच्या दिवशी हौदावर गेले. ह्यांनी खडी हातात घेतली, उलटून बघितली, नवं पाणकणीस बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघत होते.

होळीपर्यंत खडी पुरती हिरवी झाली. महिला मंडळाने हौदाशी आळीपाळीने पहारा ठेवला. कुणाचा पाहुणा नुसता खडा उचलायला वाकला, तरी कुठून तरी आवाज यायचा, "ओ भाऊ! खडी घासायची नसते!" हे ज्ञान जणू त्यांना आजीपासून चालत आलं होतं. गुढीपाडव्याला अध्यक्षांनी पुन्हा बशी सोडली, ह्या वेळी सुतळीचा पीळ मनगटाला बांधून. बशी तिसऱ्या पायरीवर टेकली आणि लख्ख दिसत राहिली. टाळ्या पडल्या. हे मागे उभे होते. ह्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अंगणातच बसले.

मी म्हटलं, "अहो, आता तर पाणी चांगलं आहे. पायरीजवळचं बेटही पुन्हा वाढलंय, बूट दिसायचा नाही."

"बघू," म्हणाले.

पुढे मे महिना लागला. एका सकाळी उजाडलं आणि दारात अध्यक्ष उभे. खांद्यावर पंचा, हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि दोरी. मागे त्यांच्या सौभाग्यवती, नवऱ्याला डॉक्टरकडे आणल्यासारख्या. अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. म्हणून मला ती खाण नकोच होती." आणि मग खाली बघत, "त्या दिवशी तुम्ही गेलात ना आत... शिकवाल का?"

 मला वाटलं, आता हे काहीतरी तिखट बोलणार, आणि मी पण म्हटलं असतं, बोला! पण ह्यांनी फक्त टॉवेल घेतला.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन खाणीवर गेले. पायरीवर अध्यक्षांच्या कोल्हापुरी चपला होत्या, त्यांच्या सौभाग्यवतींच्या चपला होत्या, बातमी ऐकून आलेल्या चारदोन जणांच्या स्लिपर होत्या, आणि त्याच ओळीत, पट्टे सुटलेला, ह्यांचा बूट उभा होता. दोन हातांवर पाणकणसाचं बेट होतं, पुरुषभर उंच, दाट.

पाण्यात हे छातीपर्यंत उभे होते, एका पायावर, ताठ. अध्यक्ष पाठीला डबा बांधून ह्यांच्या हातांवर पालथे पडले होते आणि डोळे गच्च मिटून ओरडत होते, "सोडू नका हं मला! सोडू नका!"

"नाही सोडत," हे म्हणाले. "पाय मारा."